भाऊकाकांचे पाच चंद्र

परवा कोजागरीला गच्चीवर बसलो होतो. दूध आटत होतं, बायकांच्या गप्पा रंगल्या होत्या, आणि पुण्याहून सुट्टीत आलेला माझा मुलगा एकेक डोळा झाकून चंद्राकडे बघत होता. "बाबा, उजव्यानं एकच दिसतो. डाव्यानं दीड." सगळे हसले. मीही हसलो, पण मला एकदम भाऊकाका आठवले. भाऊकाकांना पाच दिसायचे.

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. विषय डोळ्याचा आहे, त्यातही एका विचित्र नावाच्या आजाराचा. पण थोडं इतिहासात शिरल्याशिवाय तो सांगता येत नाही, म्हणून जरा लांबण लागणार आहे. चहा घेऊन बसा.

भाऊकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, जन्म १९५१ चा. चित्रकलेचा हात असा की वर्ध्याच्या घरातल्या मागच्या भिंतीवर त्यांनी कोळशानं काढलेली बैलजोडी चुना मारायच्या वेळी आजीनं तशीच ठेवली होती. ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा दिल्या, पुढे ड्रॉइंग मास्तर व्हायचं ठरलेलं. सतरा-अठराव्या वर्षी चष्मा लागला. इथवर काही विशेष नाही. पण दर सहा महिन्यांनी नंबर बदलायला लागला. नवा चष्मा आणायचा, चार दिवस बरं वाटायचं, की पुन्हा "दिसत नाही". चष्मेवाला वैतागला, घरचे त्याहून वैतागले. चष्म्याला पैसे लागत होते आणि घरात खाणारी तोंडं अकरा. "नाटकं करते हा पोट्टा, कामाची कटकट नको म्हणून," असं आजोबा म्हणायचे.

मी सात-आठ वर्षांचा असेन. अंगणात बाजेवर काकांशेजारी पडलो होतो. काका म्हणाले, "बाबू, तुले चंद्र किती दिसते रे?" मी म्हटलं, एक. ते म्हणाले, "मले पाच दिसून राह्यले. एकावर एक, द्राक्षाच्या घोसावानी." मला वाटलं, गंमत करतात. सगळ्यांनाच तसं वाटत होतं.

ड्रॉइंग मास्तर ते झाले नाहीत. एका जिनिंगमध्ये गाठी मोजायच्या कामाला लागले. गाठ मोठी असते, दिसते.

तर, आजाराचं नाव केरॅटोकोनस. मराठीत सांगायचं तर शंकूसारखा झालेला पारपटल. बुबुळावर जी पारदर्शक काच असते, तिला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. मधोमध तिची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे पोस्टकार्डाच्या दोन-तीन जाडीइतकी. तीत रक्तवाहिनी एकही नाही, प्राणवायू थेट हवेतून आणि अश्रूंतून घेते. त्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचे दोनशेहून जास्त पातळ थर, एकमेकांना आडवे-उभे रचलेले. आपल्या खादीच्या वीणीसारखंच समजा. धागे एकमेकांना घट्ट धरून असतात, तोवर पारपटल गोल राहतं. ही पकड सैल पडली, की मधला भाग पातळ होतो, आतल्या दाबानं पुढे येतो, आणि गोल भिंगाचा शंकू होतो. अशा वाकड्यातिकड्या काचेतून येणारा प्रकाश एका जागी जमत नाही. मग एका चंद्राचे पाच होतात. चष्म्याचं भिंग नियमित आकाराचं, त्यामुळे हा वाकडेपणा त्याला पुरा भरून काढता येत नाही. म्हणून दर वेळी नवा चष्मा आणि दर वेळी तीच रड.

आजार सुरू होतो तो नेमका पंधरा ते पंचवीस या वयात, आणि तिशी-चाळिशीकडे आपोआप मंदावतो. म्हणजे शिकायचं, नोकरी धरायची, लग्न जमायचं वय तेवढं नासवून जातो. पूर्ण आंधळं क्वचितच करतो. त्यामुळे माणूस धड आंधळा नाही आणि धड डोळसही नाही. आंधळ्याला लोक हात देतात, याला "नाटकं करते" म्हणतात.

या आजाराचं पहिलं नीट वर्णन केलं ते लिव्हरपूलच्या जॉन नॉटिंगहॅम या डॉक्टरनं, १८५४ साली. शंक्वाकृती पारपटलावर त्यानं अख्खा ग्रंथच लिहिला. तेव्हा बुबुळ तपासायला धड उपकरणंही नव्हती. हेल्महोल्ट्झचा ऑफ्थॅल्मोस्कोप नुकताच निघाला होता. तो वापरून हा शंकू कसा ओळखावा हे लंडनच्या विल्यम बोमन यांनी १८५९ मध्ये दाखवलं. उपाय मात्र वाचवत नाही. बोमन बारीक आकड्यानं बुबुळाचा पडदा ओढून बाहुली मांजरासारखी उभी चिरेदार करायचे, म्हणजे वाकड्या काचेचा थोडाच भाग वापरात येईल. बर्लिनचे फॉन ग्रेफे सिल्व्हर नायट्रेटनं शंकूचं टोक चक्क डागायचे. जखम भरताना ते आक्रसेल आणि सपाट होईल, असा हिशेब. १८६९ मध्ये स्वित्झर्लंडच्या होर्नर यांनी या आजाराच्या उपचारावर प्रबंध लिहिला, तोवर केरॅटोकोनस हे नाव रुळलं होतं. बिब्ब्यानं डाग देणारी आमच्याकडची म्हातारी माणसं आणि बर्लिनचा प्रोफेसर यांच्यात त्या काळी फार अंतर नव्हतं, असं मला कधी कधी वाटतं.

१८८८ साली मात्र एक शहाणपणाची गोष्ट झाली. पॅरिसच्या युजेन काल्त यांनी काचेचं पातळ कवच करून थेट डोळ्यावर बसवलं. आज ज्याला कॉन्टॅक्ट लेन्स म्हणतात त्याच्या अगदी पहिल्या उपयोगांपैकी हा एक. दिसायला छान दिसावं म्हणून नव्हे, तर या शंकूवर एक सरळ पृष्ठभाग बसवावा म्हणून. कडक लेन्सचा उपाय आजही तोच आहे. काच गेली, आधी प्लास्टिक आलं, मग हवा जाऊ देणारं प्लास्टिक आलं, तत्त्व तेच.

भाऊकाकांच्या आजाराचं नाव कळलं १९८० मध्ये. बाहेरगावच्या एका डॉक्टरनं अंधाऱ्या खोलीत डोळ्यात उजेडाची पट्टी फिरवली. ती पट्टी आत कात्रीच्या पात्यांसारखी उघडमिट करताना दिसली, की जाणकाराला शंका येते. मग काकांना खाली बघायला सांगितलं. खालची पापणी इंग्रजी व्ही अक्षरासारखी पुढे आली. दोन मिनिटांचं काम! त्याआधी बारा वर्षं ते चष्मे बदलत होते. काका घरी आले आणि आजीला एवढंच म्हणाले, "बाई, नाटकं नव्हती." आजोबा तेव्हा हयात नव्हते.

डॉक्टरांनी कडक लेन्स दिल्या. आता वर्ध्याचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना मी काय सांगू? पारा ४५ च्या वर, उलटी-सुलटी धुळीची वावटळ, त्यात जिनिंगमधली सरकी आणि कापसाचे तंतू. लेन्सखाली एक कण गेला की काका डोळा धरून खाली बसायचे. वर्षभरात लेन्स पेटीत गेल्या. राहिला एकच उपाय, पारपटल बदलण्याचा.

दुसऱ्याच्या डोळ्याची काच आपल्या डोळ्यात बसवायची ही कल्पना जुनी, पण ती पहिल्यांदा टिकली ७ डिसेंबर १९०५ ला. आताच्या चेक देशातल्या ओलोमोउत्स गावी, एडुआर्ड झिर्म या डॉक्टरच्या हातून. रोगी एक मजूर, अलोईस ग्लोगर, चुन्यानं दोन्ही डोळे भाजलेला. पारपटल मिळालं ते अकरा वर्षांच्या एका मुलाचं. लोखंडाचे कण घुसून त्याचा डोळा निकामी झाला होता आणि काढावाच लागणार होता. ग्लोगरच्या एका डोळ्यातलं कलम नासलं, दुसरं स्वच्छ राहिलं, आणि तो पुन्हा कामाला लागला. ही शस्त्रक्रिया यशस्वी होण्याचं एक कारण शरीराच्या रचनेतच आहे. पारपटलात रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे परकं मांस ओळखून हाकलणारी शरीराची फौज तिथे सहज पोचत नाही. मूत्रपिंड बदलता येण्याच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी डोळ्याची काच बदलता आली ती यामुळे.

पण जिवंत माणसाचा डोळा कोण देणार? १९३० च्या दशकात ओडेसाच्या व्लादिमिर फिलातोव यांनी मृत माणसांची पारपटलं वापरून दाखवली, आणि १९३६ मध्ये न्यूयॉर्कला रॅमन कास्त्रोविएहो यांनी खास केरॅटोकोनससाठी हे कलम केलं. १९४४ मध्ये न्यूयॉर्कला नेत्रपेढी निघाली. भारतात पहिली नेत्रपेढी मद्रासला १९४५ साली, म्हणजे आपण फार मागे नव्हतो.

१९४५ हेच साल आमच्या जिल्ह्यासाठीही महत्त्वाचं. कस्तुरबा १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये गेल्या. त्यांच्या नावानं डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला बायका-मुलांसाठी छोटा दवाखाना उभा केला, तो याच काळात. पुढे १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्याच दवाखान्याभोवती महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था निघाली. खेड्यात काढलेलं मेडिकल कॉलेज. तिथे नव्या विद्यार्थ्यांना आधी आश्रमात राहावं लागतं आणि खादी घालावी लागते. आजूबाजूच्या गावांतले लोक सुगीला ज्वारी देऊन दवाखान्याचा विमा उतरवायचे, हे मी लहानपणी ऐकलं तेव्हा गोष्टच वाटली होती. ती खरी होती.

कायद्याचंही सांगतो. १९५६ च्या नोव्हेंबरात विदर्भ मुंबई राज्यात आला, आणि १९५७ मध्ये त्या राज्यानं पारपटल कलमासाठी वेगळा कायदा केला. मृताचा डोळा काढून दुसऱ्याला लावणं त्यानं कायदेशीर केलं. सगळ्या अवयवांसाठीचा केंद्राचा कायदा यायला १९९४ उजाडलं. म्हणजे डोळ्यांच्या बाबतीत कागद जवळजवळ चाळीस वर्षं आधीच तयार होता. कमी होते ते डोळे.

भाऊकाका यादीत पाच वर्षं होते. १९८६ च्या पावसाळ्यात मुंबईहून तार आली आणि काका रात्रीच्या गाडीनं निघाले. मधला साडेसात-आठ मिलिमीटरचा गोल तुकडा कापून त्याजागी दात्याचा तुकडा, आणि भोवती केसाहून बारीक नायलॉनचे सोळा टाके. वर्षभर टाके डोळ्यात. दीड वर्षानंतर ते वर्ध्याला घरी बसून वर्तमानपत्र वाचताना मी पाहिले. लहान टाइप, बाजारभावाचं पान. काकांनी वाचलेली पहिली बातमी सरकीच्या भावाची होती.

कुणाचा होता तो तुकडा? काकांनी विचारलं होतं, सांगितलं गेलं नाही, तसा नियमच आहे. दर वर्षी सर्वपित्रीला काका एक पान जास्त वाढायला लावायचे. भटजींनी एकदा विचारलं, कुणाच्या नावानं? काका म्हणाले, "नाव नाही माहीत. डोळा माहीत आहे."

दुसऱ्या डोळ्याची गोष्ट वेगळी. १९८९ मध्ये एका सकाळी काका उठले तर तो डोळा दुखत होता आणि बुबुळावर दुधासारखा पांढरा ढग. घरात रडारड. याला हायड्रॉप्स म्हणतात. ताणून ताणून पारपटलाचा आतला पडदा फाटतो आणि डोळ्यातलं पाणी काचेत मुरतं. दोन-तीन महिन्यांत ढग बसला, डाग राहिला.

हा पडदा नेमका कसा फाटतो यावर पुढे जो प्रकाश पडला, त्याचं एक टोक आमच्या शेजारच्या नागपूरला आहे. पूर्वी पारपटलाचे पाच थर शिकवले जात. पुढे असं ध्यानात आलं की अख्खी काच बदलायची गरज नाही. आतला पेशींचा थर रोग्याचा स्वतःचा ठेवून वरचा भागच बदलला, तर शरीर तो नाकारण्याचा धोका खूप कमी होतो. २००२ मध्ये मोहम्मद अन्वर यांनी त्यासाठी पारपटलात हवेचा मोठा बुडबुडा सोडून थर अलगद सुटे करायची युक्ती प्रसिद्ध केली. हे बुडबुडे तपासताना, नागपुरात वैद्यकीय शिक्षण घेतलेले आणि इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात प्राध्यापक असलेले डॉ. हरमिंदर दुआ यांना दिसलं, की आतल्या बाजूला आणखी एक थर आहे. जाडी जेमतेम १५ मायक्रॉन, पण विलक्षण चिवट. २०१३ मध्ये त्यांनी तो जाहीर केला. याला वेगळा थर म्हणावं की नाही यावर तज्ज्ञांत वाद झाला, पण हायड्रॉप्समध्ये हाच थर फाटत असावा हे त्यांचं म्हणणं वाचलं आणि मला १९८९ ची ती सकाळ आठवली.

नागपूरचाच आणखी एक धागा. २००६ ते २००८ या काळात नागपूरपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या खेड्यांत तिशीपुढच्या ४,७११ लोकांचे डोळे तपासण्यात आले. डॉ. विनय नांगिया यांचं नागपूरचं रुग्णालय आणि जर्मन संशोधक यांनी मिळून केलेलं काम. त्यात केरॅटोकोनसचं प्रमाण २.३ टक्के निघालं. अमेरिकेतल्या मिनेसोटाचा जुना आकडा लाखात ५४ च्या आसपास! आता यात मेख आहे. पारपटलाचा बाक एका ठरावीक आकड्याच्या वर गेला की आजार, अशी सोपी व्याख्या इथे धरली होती. तो आकडा थोडा वर नेला की टक्केवारी झपाट्यानं खाली येते. तरीसुद्धा एवढं नक्की, की ज्याला आम्ही "फक्त आमच्या भाऊला झालेलं काहीतरी" समजत होतो, ते तसं नव्हतं. आसपासच्या गावांत असे किती भाऊ "नाटकं" करत असतील?

आणि हे सगळं माहीत असूनही मी काय केलं, ते आता लिहितो.

माझा मुलगा लहानपणापासून डोळे चोळायचा. उन्हाळा लागला की डोळे लाल, खाज, आणि दोन्ही मुठींनी खसाखसा चोळणं. आम्ही "धूळ जाते" म्हणून सोडून द्यायचो. चोळणं हे या आजाराचं मोठं निमित्त समजतात, विशेषतः अ‍ॅलर्जीच्या मुलांत. घरात कुणाला असेल तर धोका आणखी. पंधराव्या वर्षी चष्मा लागला. नंबर बदलू लागला. मी त्याला म्हणालो, "मोबाइल कमी कर आणि अभ्यासाचे बहाणे बंद कर." आजोबांचं वाक्य, फक्त शब्द नवे. दोन वर्षं गेली. २०१३ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी पारपटलाचा रंगीत नकाशा काढला, खालच्या बाजूला तांबडा डाग, आणि विचारलं, "घरात आणखी कुणाला?" मी म्हणालो, नाही. मग बायकोनं माझ्याकडे बघितलं. "भाऊकाका?" ती म्हणाली.

त्या क्षणी मला जे वाटलं ते लिहिता येत नाही. असो.

मुलाचं नशीब काकांपेक्षा बरं, कारण मधल्या काळात जर्मनीत ड्रेस्डेनला एक साधी वाटावी अशी गोष्ट झाली होती. वय वाढलं की हा आजार थांबतो, आणि मधुमेही माणसांत तो फारसा दिसत नाही, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. दोन्हींत एकच कारण संभवतं. कोलॅजनच्या धाग्यांमध्ये काळानं किंवा साखरेनं आडवे टाके पडतात आणि वीण ताठ होते. मग हेच टाके आपण घातले तर? थिओ झायलर, एबरहार्ड स्प्योर्ल आणि ग्रेगोर वोलेन्साक यांनी बी-टू जीवनसत्त्व, म्हणजे रायबोफ्लेविन, पारपटलात मुरवलं आणि वरून अतिनील किरण सोडले. १९९८ पासून रोग्यांवर प्रयोग, २००३ मध्ये २३ डोळ्यांचा अहवाल. शंकू वाढायचा थांबला होता. अमेरिकेत याला रीतसर मान्यता मिळायला एप्रिल २०१६ उजाडलं, पण आपल्याकडे ही पद्धत त्याच्या कितीतरी आधी रुळली होती.

मुलाच्या वेळी मी काचेबाहेरून बघत होतो. पारपटलाची वरची साल खरवडली, अर्धा तास पिवळे थेंब, मग अर्धा तास निळा-जांभळा उजेड. बास. तीन दिवस तो कळवळला, मग बरा झाला. अट एकच असते. पारपटल निदान ४०० मायक्रॉन जाड उरलेलं हवं, नाहीतर किरण आतल्या पेशींना इजा करतात. त्याचा उजवा डोळा आरामात बसला, डावा जेमतेम. आणि हा उपचार गेलेलं परत देत नाही, जे आहे ते टिकवतो. उजव्यानं एक चंद्र आणि डाव्यानं दीड, तो हिशेब असा आहे. ती दोन वर्षं मी फुकट घालवली नसती तर कदाचित डाव्यानंही एकच दिसला असता. मुलगा मला हे कधी बोलला नाही.

आता पुढचं पाऊल. नुसतं थांबवायचं नाही, तर पातळ झालेलं पुन्हा भरून काढायचं. चेन्नईच्या डॉ. सुसान जेकब यांनी दात्याच्या पारपटलाच्या अर्धगोल पट्ट्या रोग्याच्या पारपटलात आतून सरकवण्याची पद्धत २०१८ मध्ये मांडली. जुन्या प्लास्टिकच्या कड्यांऐवजी खरं मांस. स्पेनच्या होर्हे अलियो यांनी रोग्याच्या स्वतःच्या चरबीतल्या मूळपेशी पारपटलात सोडल्या, आणि तिथे थोडं नवं कोलॅजन तयार झाल्याचं २०१७ मध्ये नोंदवलं. रोगी मोजके, फायदा अजून मर्यादित, पण सुरुवात झाली. स्वीडनमध्ये दहा रोग्यांना प्रयोगशाळेत केलेल्या मानवी कोलॅजनचं पारपटल बसवल्याचं २०१० मध्ये जाहीर झालं, त्यांतले नऊ केरॅटोकोनसचे. त्यात रोग्याच्या स्वतःच्या पेशी आणि नसा वाढत गेल्या, डोळ्याला स्पर्श कळू लागला.

आणि २०२२ मध्ये सगळ्यात चकित करणारी बातमी. पुन्हा स्वीडनचेच संशोधक, पण रोगी भारत आणि इराणमधले. केरॅटोकोनस विकोपाला गेलेले २० जण, त्यांतले १४ आंधळ्यांत जमा. डुकराच्या कातड्यातून काढलेलं शुद्ध कोलॅजन पारदर्शक चकतीसारखं करून, पारपटलात छोटासा कप्पा कापून आत सरकवलं. रोग्याचं काही काढायचं नाही, टाके नाहीत. दोन वर्षांनी त्या वीस जणांत आंधळं कुणीच नव्हतं, आणि भारतातले तिघे, जे आधी आंधळे होते, ते पूर्ण ओळी वाचत होते. ही चकती दोन वर्षं साठवता येते. दात्याचं पारपटल जेमतेम दोन आठवडे टिकतं. अर्थात वीस म्हणजे वीसच, मोठ्या चाचण्या झाल्याशिवाय हा उपाय सर्रास मिळणार नाही.

हे वाचलं आणि मला नालवाडी आठवली. वर्ध्याला लागूनच. १९३० च्या दशकात गोपाळराव वाळुंजकरांनी तिथे चर्मालय चालवलं. मेलेल्या गुरांचं कातडं कमवून वस्तू करायच्या, त्यासाठी जनावर मारायचं नाही, आणि जे काम लोक विटाळ समजतात ते सवर्णांनी हातानं करायचं. त्या कातड्यातही कोलॅजनच. खाटकाकडे फेकून देण्याजोग्या कातडीतून माणसाच्या डोळ्याची काच होते, हे वाळुंजकरांना ऐकून फार आश्चर्य वाटलं नसतं, असं मला वाटतं. फेकलेल्या कातडीत काय दडलंय हे त्यांना चांगलं माहीत होतं.

पण हे सगळं सर्रास हाती येईपर्यंत काय? तोपर्यंत ज्यांचं पारपटल फार पुढे गेलंय त्यांना झिर्मचाच उपाय, म्हणजे कुणीतरी मरताना देऊन जायला हवं. इथे शेवटची गोष्ट सांगतो, आणि ती खास घरच्यांसाठी आहे.

भाऊकाका २०१२ च्या मे महिन्यात गेले. पहाटे चारला, घरीच. नेत्रदानाचा फॉर्म त्यांनी कधीचाच भरला होता, देवघराच्या फळीवर ठेवलेला असायचा. आम्ही सगळे तिथे होतो. कुणी म्हणालं, मोठा येऊ दे पुण्याहून, त्याला विचारू. कुणी म्हणालं, त्यांचा डोळाच आजारी, तो काय कामाचा? कुणी म्हणालं, काकूला आत्ता कसं विचारायचं? ऊन चढलं. मोठा अकराला पोचला. सहा तास कधीच उलटून गेले होते. फोन कुणीच केला नाही, मीसुद्धा नाही. डोळा कामाचा की बिनकामाचा हे नेत्रपेढीनं ठरवायचं असतं, आपण नव्हे, हे मला नंतर कळलं. कलमाला नाही तर अभ्यासाला तरी घेतला असता. सव्वीस वर्षं एका अनोळखी माणसाचा तुकडा आमच्या घरात राहिला, चंद्र बघून गेला, बाजारभाव वाचून गेला, आणि आम्हाला एक फोन जमला नाही.

फॉर्म भरला म्हणून नेत्रदान होत नाही, हे त्या दिवशी कळलं. त्या वेळी घरात जे असतात त्यांनी हो म्हणावं लागतं, आणि लवकर म्हणावं लागतं. म्हणून इथे लिहून ठेवतो. माझी वेळ येईल तेव्हा कुणाची वाट पाहू नका. पंखा बंद करा, पापण्या मिटवा, त्यावर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या, आणि आधी नेत्रपेढीला फोन करा, मग नातेवाइकांना. पुण्याहून यायचंय तो येईल. त्यानं हे वाचलं आहे. कोजागरीच्या रात्री गच्चीवर मी त्याला तोंडीही सांगितलं.

तो काही बोलला नाही. डावा डोळा झाकून पुन्हा चंद्राकडे बघत बसला.